कान्हेरीची टाकी शोधू या, चालणे आपोआप होईल

आपल्या वस्तीत चाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी एक ओळ लिहिलेली असते : रोज चालणे. साखर असो, रक्तदाब असो, गुडघे असोत किंवा झोप न येणे असो, सल्ला तोच. आपण तो मनावरही घेतो. नवे बूट आणतो, चार दिवस पहाटे उठतो. पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी रात्रपाळी असते आणि सातव्या दिवशी बूट पलंगाखाली जातात. हा आळस नव्हे. दिवसभर लोकलमध्ये उभे राहून, जिने चढून, पाणी भरून थकलेल्या माणसाला कुठेच न जाण्यासाठी पुन्हा चालायला सांगितले, तर त्याचे मन नाहीच म्हणते. चालण्याला जागा हवी, सोबत हवी आणि काहीतरी शोधायला हवे. या तीन गोष्टी मिळाल्या की चालणे कसे टिकते, हे आम्ही गेली दोन वर्षे अनुभवत आहोत. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आम्ही नऊ जण. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी आणि बोरिवली अशा चार ठिकाणी राहतो. ओळख विहारातली आणि जयंतीच्या कामातली. एक दादा बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, एक ताई शाळेत शिक्षिका, एक सिस्टर, दोघी शिवणकाम करणाऱ्या, बाकीचे नोकरदार. सर्वात लहान ३४ वर्षांचा, सर्वात मोठे ६६ वर्षांचे. तिघांना मधुमेह, चौघांना रक्तदाब, एका दादांची अँजिओप्लास्टी झालेली. म्हणजे कुठल्याही विहाराच्या सभागृहात बसलेली नऊ माणसे उचलावीत, तशीच आम्ही.

डबा लपवण्याचा खेळ

शोधायला निघण्याची कल्पना आमच्यातल्या सर्वात लहान मित्राने आणली. जगभर एक खेळ खेळतात, त्याला जिओकॅशिंग म्हणतात. पूर्वी उपग्रहावरून मिळणाऱ्या जीपीएसच्या संकेतात अमेरिकेने सामान्य लोकांसाठी मुद्दाम चूक ठेवलेली होती. मे २००० च्या सुरुवातीला ती काढून टाकण्यात आली आणि साध्या यंत्रावरही जागा पुष्कळ अचूक कळू लागली. लगेच ३ मे २००० रोजी ऑरेगॉन राज्यातल्या डेव्ह उल्मर या गृहस्थांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या जंगलात प्लास्टिकची एक बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी जाहीर केले. नियम सोपा होता : शोधा, वहीत नाव लिहा, एखादी वस्तू घ्या आणि दुसरी ठेवा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली. आज असे डबे जगभर लाखोंनी आहेत. कॅन्सस राज्यातला मिंगो नावाचा डबा तर मे २००० पासून चालू आहे आणि लोक अजून त्याच्यासाठी लांबून येतात.

याच्याही आधी इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या ओसाड माळावर असे काही घडले होते. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या अवघड, दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्याने तिच्यात आपले नावाचे कार्ड टाकायचे. बाटलीत मौल्यवान काहीच नव्हते. माणसे मैलोनमैल चालत गेली ती तिथे पोहोचल्याची खूण ठेवायला.

मित्र म्हणाला, आपणही नॅशनल पार्कात असा डबा लपवू. शिक्षिका ताईंनी तिथेच थांबवले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे वन्यजीव संरक्षण कायद्याखालचे जंगल आहे, तिथे पुरायचे काही नाही आणि उचलायचेही काही नाही. कान्हेरीची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे. तिथल्या फटीत डबा कोंबणे म्हणजे आपल्याच वारशाची नासधूस. मग त्यांनी विचारले, “आपल्यासाठी तिथे आधीच ठेवलेले आहे, ते आपण सगळे कधी शोधले आहे का?”

पूर्वजांनी काय ठेवले आहे

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीपासून जवळजवळ हजार वर्षे हा डोंगर भिक्खूसंघाने नांदता ठेवला. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, या नावावरून कान्हेरी हे नाव आले. आपण वर्षातून एकदा गर्दीत जातो, क्रमांक ३ च्या चैत्यगृहात वंदना घेतो, व्हरांड्यातल्या सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्तींपुढे फोटो काढतो, डबे खातो आणि परततो. वरचा डोंगर तसाच राहतो.

खरे तर ठेवा जपून ठेवणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांनी कान्हेरीच्या चैत्यगृहापुढचा स्तूप उघडला, तेव्हा आत रक्षा असलेले तांब्याचे कलश आणि कोरीव ताम्रपट मिळाले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा विटांचा स्तूप उघडला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती. त्या पेटीत तांब्याचा करंडक आणि भोवती आठ बुद्धमूर्ती. करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वात आत सोन्याचा करंडक होता. त्या सोन्यात काय होते? मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे. तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले. सोन्यापेक्षा मातीला मोठे मानणारी ती माणसे होती.

हे ठेवे पवित्र आहेत, ते उकरणे आपले काम नव्हे. पण कान्हेरीत एक ठेवा उघड्यावर आहे आणि त्याच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. तो म्हणजे पाण्याची टाकी. बहुतेक लेण्यांच्या दाराशी, अंगणाच्या एका बाजूला, खडकात चौकोनी तोंडाचे टाके दिसते. वरच्या उतारावर खडकात बारीक पन्हळी कोरलेल्या असतात. पावसाचे पाणी त्या पन्हळींतून वाहत येऊन टाक्यात पडते. टाक्याचे तोंड लहान आणि पोट आत खडकाखाली पसरलेले. त्यामुळे ऊन कमी लागते आणि पाणी उडून जात नाही. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायची ही व्यवस्था. पंप नाही, पाइप नाही, उतार आणि छिन्नी एवढ्यावर शेकडो भिक्खूंची तहान भागत होती.

ही टाकी कुणी दिली, हेही लिहून ठेवले आहे. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत टाक्याला ‘पाणियपोढी’ असा शब्द येतो. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने असे टाके दान दिल्याचा लेख आहे. क्रमांक ५ जवळच्या टाक्यावर शतेरक नावाच्या अमात्याच्या दानाचा लेख आहे आणि त्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीचा उल्लेख येतो. इतर दानलेखांत व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्खुणी आहेत, कल्याण-सोपाऱ्याची माणसे आहेत. आज आपण ज्या रेल्वेमार्गावर रोज लोंबकळतो, त्याच गावांची ती माणसे.

तेव्हा आमचा खेळ ठरला. लेण्यांचे क्रमांक लिहिलेली एक वही केली. प्रत्येक लेण्यापुढे चार रकाने : टाके सापडले का, पन्हळ दिसली का, लेख दिसला का, पाणी कोणत्या महिन्यात किती होते. प्रत्येक फेरीत सहा-सात लेणी, त्याहून जास्त नाही. नियम तीन. पायवाट आणि कोरलेल्या पायऱ्या सोडून झाडीत शिरायचे नाही. लेखावर हात, खडू, पाणी काही लावायचे नाही. आणि सर्वात हळू चालणाऱ्याला मागे टाकून कुणी पुढे जायचे नाही.

प्रत्यक्ष चालताना

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उद्यानाचे मुख्य दार चालण्याच्या अंतरावर आहे. तिथून कान्हेरीपर्यंत जंगलातून जाणारा डांबरी रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे. बसही मिळते. सुरुवातीच्या तीन फेऱ्यांत आम्ही जाताना बस घेतली आणि वर लेण्यांतच चाललो. चौथ्या फेरीपासून काही जण जाताना चालू लागले आणि येताना बस घेऊ लागले. दोन्ही वेळा चालणारे आजही चौघेच आहेत. यात कमीपणा काही नाही. अंतर वाढवायचे ते आपल्या शरीराला विचारून.

सपाट रस्ता संपून चढ लागला की श्वास वाढतो. किती वेगाने चालावे, हे कळायला सिस्टरने एक साधी परीक्षा शिकवली : चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. भीमगीत पूर्ण म्हणता येत असेल तर वेग वाढवा. दोन वाक्येही धड बोलता येत नसतील तर वेग कमी करा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, तो याच वेगाचा.

मधुमेहात चालणे का उपयोगी पडते, तेही समजून घेऊ या. रक्तातली साखर पेशीत जायला इन्सुलिन लागते. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. पण स्नायू काम करू लागले की ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू आहेत आणि चढावर त्यांनाच जास्त काम पडते. हा परिणाम चालणे संपल्यावरही काही तास राहतो. म्हणून महिन्यातून एकदा डोंगर चढून भागत नाही. रोजचे अर्धा तास चालणे हे औषध आणि महिन्याचा डोंगर ही त्याची गोडी, असे आम्ही धरून चालतो. कान्हेरीला दम लागू नये म्हणून प्रत्येक जण मधले दिवस आपापल्या गल्लीत, मैदानात, रेल्वे पुलाच्या जिन्यावर चालतो. शोधाचा खरा फायदा तोच.

साखर जशी उतरते तशी ती फार उतरूही शकते. आमच्या पाचव्या फेरीत ते प्रत्यक्ष पाहिले. वरच्या बाजूच्या लेण्यांकडे जाताना शिवणकाम करणाऱ्या एका ताई अचानक गप्प झाल्या. कपाळावर घाम, हात थरथरत होते, विचारले त्याला उत्तर वेगळेच. त्या साखरेच्या गोळ्यांवर आहेत. सिस्टरने त्यांना तिथेच सावलीत बसवले, ग्लुकोमीटरवर साखर पाहिली. ती ५८ होती. ७० च्या खाली गेली की ती धोक्याची मानतात. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासले, मग बिस्किटे आणि पोळी दिली. अर्ध्या तासात ताई हसून म्हणाल्या, “वहीत लिहा, इथे एक टाके सापडले, साखरेच्या पाण्याचे!” त्या दिवशी आम्ही तिथूनच परतलो. ताईंनी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना हे सांगितले आणि त्यांनी चालायच्या दिवसाचा डोस ठरवून दिला. ताई एकट्या असत्या तर? हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी स्वतःला विचारला. म्हणून सांगतो, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डोंगरावर एकटे जाऊ नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि सोबतच्यांना आपला आजार सांगून ठेवावा. आपल्याकडे आजार लपवायची सवय आहे. ती अशा ठिकाणी जिवावर बेतू शकते. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून ताबडतोब १०८ ला फोन करावा.

अँजिओप्लास्टी झालेले दादा आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच येतात. त्यांनी चैत्यगृहापर्यंतच यावे असे ठरले आहे. ते तिथे व्हरांड्यात बसतात आणि वही त्यांच्याकडे असते. वरून परतलेला प्रत्येक जण त्यांना काय सापडले ते सांगतो आणि ते लिहून घेतात. वर न चढता ते आमच्या शोधात पूर्ण सामील असतात.

तथागतांनी सांगितलेले पाच लाभ

चालण्याला आपल्या धम्मात मोठे स्थान आहे. बुद्धगयेला चंक्रमण चैत्य आहे, हे तिथे जाऊन आलेल्यांना आठवत असेल. संबोधीनंतर तथागत तिथे चालत होते, अशी परंपरा सांगते. अंगुत्तर निकायात त्यांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. यातल्या पहिल्या चार गोष्टी आजचा डॉक्टरही सांगतो. पाचवी आम्हाला डोंगरावर कळली. टाक्याची पन्हळ शोधताना माणूस पायाकडे, खडकाकडे आणि श्वासाकडे इतके लक्ष देतो की घरची कटकट दोन तास आठवतच नाही.

संयुत्त निकायातली कोसलराजा प्रसेनजिताची गोष्ट या पानावर सांगण्यासारखी आहे. राजा भरपूर जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. त्यांनी त्याला जेवणात मात्रा ओळखण्याविषयी गाथा सांगितली. राजाने जवळ उभ्या असलेल्या तरुणाला ती पाठ करायला सांगितली आणि रोज जेवताना आपल्यापुढे म्हणायची जबाबदारी दिली. हळूहळू राजाचे जेवण मोजके झाले आणि शरीर हलके झाले. बुद्धाचा उपदेश थेट ऐकूनही राजाला रोज आठवण करून देणारा माणूस लागला. मग आपल्याला सोबत लागली तर नवल काय? कल्याणमित्राला धम्मात एवढे महत्त्व का दिले आहे, ते अशा ठिकाणी समजते. आमच्या गटात रविवारी पहाटे साडेपाचला एकमेकांना फोन करायची पाळी लावलेली आहे. ज्याला फोन येतो तो उठतोच.

पाण्याजवळ बसल्यावर

एका फेरीत आम्ही टाक्याजवळ डबे सोडून बसलो होतो. ६६ वर्षांच्या आक्का म्हणाल्या, “माझ्या आईला गावच्या विहिरीवर घागर बुडवता आली नाही. वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. आणि इथे दारादारात पाणी!” त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही.

आपल्या माणसांचे चालणे आणि आपले पाणी यांचा इतिहास असा एकत्र गुंतलेला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्याले. १९३४ साली ते सहकाऱ्यांसोबत वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाने धुळीने माखलेल्या मंडळींनी दारातल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर तलाव बाटवला म्हणून त्यांना शिवीगाळ झाली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. म्हणजे मित्रांसोबत डोंगर, लेणी, किल्ला पाहायला जाणे ही साधी सहलसुद्धा आपल्या लोकांना सुखाने करता येत नव्हती. आज तिकीट काढून आपण ताठ मानेने त्या डोंगरावर फिरतो, हे कुणामुळे, ते सांगायला नको.

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शेवटची कित्येक वर्षे छळले. तशाही अवस्थेत त्यांनी रात्री जागून ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिला. त्यांच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या काळी मधुमेहावरचे उपाय मोजके होते. आज सार्वजनिक दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मिळतात, चालायला रस्ते आहेत आणि चालण्याचा अधिकारही आहे. एवढे असताना आपल्या वस्तीतली माणसे पन्नाशीत पाय गमावत असतील, डोळे गमावत असतील, तर विहारात जयंतीच्या वर्गणीइतकीच या गोष्टीचीही चर्चा व्हायला हवी.

निघण्यापूर्वी

पुढच्या गोष्टी आमच्या सिस्टरने गटासाठी लिहून दिल्या होत्या. त्या जशाच्या तशा देतो.

• छातीत दुखणे, चालताना धाप, चक्कर, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा वय पन्नाशीपुढे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नेहमीच्या गोळ्या चुकवू नका. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथेच बसा. ‘थोडे पुढे जाऊन बघू’ नको.

• पहिली फेरी थेट डोंगरावर नको. चार-सहा आठवडे रोज सपाटीवर चाला. अंधेरी पूर्वेला महाकाली, म्हणजे कोंदिविटे लेणी आहेत. तिथे चढ फारसा नाही, १९ लेणी आहेत आणि चैत्यगृहात स्तूप आहे. सुरुवातीला तिथे जा.

• पायांत मागून बंद, तळ घट्ट धरणारे बूट. मधुमेहींनी मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय आरशात पाहावेत. फोड आलेला कळत नाही, तोच पुढे चिघळतो.

• प्रत्येकी दोन लिटर पाणी. टाक्यातले पाणी पाहायचे, प्यायचे नाही. ते आता उघडे आणि साचलेले आहे. मार्चपासून ऊन कडक असते, तेव्हा सकाळी लवकर निघून अकराच्या आत खाली या. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सोबत ठेवा. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.

• गुडघे उतरताना जास्त दुखतात, कारण शरीराचा भार आवरायचे काम त्यांच्यावर येते. उतरताना काठी घ्या, लहान पावले टाका. पायऱ्यांवर घाई नको.

• पावसाळ्यात काळा खडक शेवाळाने निसरडा होतो आणि ओढे अचानक फुगतात. जोराचा पाऊस असेल तर जाऊ नका. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालणे झाले तर डॉक्टरांना सांगा. नंतर ताप आला तर लेप्टोचा संशय धरून लगेच तपासून घ्या, अंगावर काढू नका.

• जंगल बिबट्यांचे आहे. गटाने चाला, मुले मध्ये ठेवा, अंधार पडायच्या आत बाहेर पडा. माकडांपुढे पिशवी उघडू नका, त्यांना खायला घालू नका. लेण्यांच्या छताला मधमाश्यांची पोळी असतात. तिथे धूर, अगरबत्ती, आरडाओरडा नको.

• साप चावला तर दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. तो अवयव हलणार नाही असा धरून माणसाला शांत ठेवा आणि रुग्णालयात न्या. बाबा-बुवांकडे एक मिनिटही घालवू नका. विज्ञानवादी धम्माच्या माणसाला हे सांगावे लागू नये.

• उद्यान सोमवारी बंद असते. इतर दिवसांच्या वेळा आणि नियम ऋतूप्रमाणे बदलतात, आधी पाहून घ्या. नेलेला कचरा परत आणा.

दोन वर्षांत काय झाले

आमच्यापैकी कुणाच्या गोळ्या बंद झाल्या नाहीत आणि तशी आमची अपेक्षाही नव्हती. साखर उतरून घाम फुटलेल्या त्या ताईंची तीन महिन्यांची सरासरी साखर आता आटोक्यात आहे. मधल्या काळात डॉक्टरांनी औषधही बदलले, त्यामुळे सगळे श्रेय चालण्याला देता येणार नाही. आक्कांना पूर्वी चैत्यगृहाच्या पायऱ्या चढताना तीनदा बसावे लागे, आता एकदा बसतात. कंडक्टर दादांची झोप सुधारली. दोघांनी तंबाखू सोडली, कारण चढावर सगळ्यांत मागे तेच राहत होते आणि सगळे त्यांच्यासाठी थांबत होते.

वहीचे म्हणाल तर अजून निम्म्या लेण्यांपुढचे रकाने कोरे आहेत. एकाच टाक्यापुढे ‘ऑक्टोबर : भरलेले, जानेवारी : अर्धे, मे : तळाला’ अशा नोंदी आहेत. त्या वाचताना दोन हजार वर्षांपूर्वी त्याच पाण्याकडे पाहून महिने मोजणारे भिक्खू आठवतात. शिक्षिका ताई आता ब्राह्मी अक्षरे शिकत आहेत आणि आम्हालाही शिकवतात. ‘दान’ हा शब्द आम्हा सगळ्यांना वाचता येतो. 

वाचकहो, आपल्या विहारातले पाच-सहा जण गोळा करा. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर प्रत्येकाचे नाव, आजार, चालू औषधे, रक्तगट आणि घरचा फोन लिहा. दुसऱ्या पानापासून लेण्यांचे क्रमांक घाला. कान्हेरी लांब पडत असेल तर महाकाली आहे, आणि मुंबईबाहेर राहत असाल तर जुन्नर, नाशिक, कार्ले, कुडे, औरंगाबाद अशी आपल्या पूर्वजांनी दान दिलेली लेणी महाराष्ट्रभर आहेत. तिथलीही टाकी कुणीतरी मोजायला हवीत. येत्या रविवारी सुरुवात गल्लीतल्या अर्ध्या तासाने करा, आणि जिना चढताना दम किती लागतो तेही त्याच वहीत लिहून ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!